मंडळी कोणाची? : देवाचा दरबार आणि महारवाड्यातला मास्तर

मराठी समीक्षेने रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘फुलांमुलांचे कवी’ ठरविले, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची वाखाणणी एक प्रसन्न, निष्कपट, विनोदी आत्मकथन म्हणून केली. या दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. परंतु प्रस्थापित समीक्षेची कौतुक करण्याची एक रीत आहे. तिच्यात माणूस उरतो आणि त्याने विचारलेला प्रश्न गळून पडतो. टिळकांच्या बाबतीत असेच झाले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळालेला हा कवी १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडतो आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडतो. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्याचा अंत होतो. आयुष्याच्या अखेरच्या या दोन वर्षांकडे आपण एका भावनाप्रधान कवीची लहर म्हणून पाहिले. वास्तविक टिळक एक अत्यंत व्यावहारिक प्रश्न विचारीत होते : ख्रिस्ती मंडळी म्हणजे काय, आणि तिचा पुढारी कोण?

हा प्रश्न एका बौद्ध प्राध्यापकाने का उकरून काढावा, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण माझ्या घरात आहे. माझ्या आजीचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. सातवी पास. आजी लग्न होऊन आली ते घर १९५६ नंतर बौद्ध झाले. तिचे माहेर ख्रिस्तीच राहिले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पुण्यात मराठी शिकवितो, आणि नाताळला आजीच्या माहेरी जातो.

दोन वर्षांपूर्वी त्या गावच्या मंडळीला सात महिने पाळक नव्हते. जुने बदलून गेले, नवे आले नव्हते. त्या सात महिन्यांत देवळाची किल्ली माझ्या एका आत्याकडे होती. ती शेतमजुरी करते. रविवारी ती झाडलोट करी, घंटा वाजवी, दोन बायका पोथीसारखे बायबल लावून वाचीत, म्हातारे गीत धरीत. कोणी आजारी पडले तर तीच प्रार्थनेला जाई, आणि प्रार्थनेबरोबर भाकरीही नेई. एका मयताला पाळक शेजारच्या तालुक्यातून वेळेवर पोचले नाहीत, तेव्हा माती देण्यापूर्वीचे चार शब्द तिनेच म्हटले. मग नवे पाळक आले. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. आत्या मागे सतरंजीवर बसली होती. किल्ली तिने आधीच देऊन टाकली होती. परत येताना ती मला म्हणाली, “तू पुस्तकं शिकवितोस, सांग मला. पाळकसायब नव्हतं तव्हा मंडळी व्हती का नव्हती?”

टिळकांच्या प्रश्नाचे हे महारवाड्यातले रूप आहे. माझ्या मते ते टिळकांच्या रूपापेक्षा अधिक नेमके आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठी बायबलमध्ये ख्रिस्ती समुदायासाठी ‘मंडळी’ हा शब्द आहे. हा भाषांतरकारांचा सुदैवी निर्णय म्हटला पाहिजे. मंडळी म्हणजे माणसे. ‘काय मंडळी, जेवलात का?’ यातली मंडळी. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. आज बोलताना आपण ‘चर्च’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर इमारत येते, नाहीतर कार्यालय येते. पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौदाचे पवित्र नाम देवालय १८८५ सालचे आहे. त्याचा मनोरा सर्वांना ठाऊक आहे. १८९० साली त्याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, रानडे आदी मंडळींनी घेतलेल्या चहामुळे उठलेले वादळही सर्वांना ठाऊक आहे. त्या मनोऱ्याखाली कोणती माणसे प्रार्थनेला बसत होती, हे मात्र आपल्या सांस्कृतिक इतिहासाने क्वचितच विचारले. इमारत इतिहासात गेली, चहा इतिहासात गेला, मंडळी बाहेर राहिली.

दुसरा शब्द ‘पाळक’. मेंढपाळाच्या प्रतिमेतून तो आला. मूळ प्रतिमेत मेंढपाळ मेंढरासाठी जीव देतो. परंतु शब्द ज्या जमिनीवर पडतो त्या जमिनीचा रस शोषून घेतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या महाराने पाटलापुढे, सरकारापुढे ‘मायबाप’ म्हणत उभे राहायचे, तिथे पाळक हाही मायबाप झाला, आणि त्याच्यावरचा मिशनरी साहेब थोरला मायबाप झाला. ज्याला पाळले जाते तो हिशेब मागत नाही. मंडळी आणि पाळक या दोन शब्दांतला हा ताण मराठी ख्रिस्ती समाजाच्या सबंध इतिहासात दिसतो.

अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनचे ठाणे डिसेंबर १८३१ मध्ये पडले. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथेच निघाला. त्या मिशनच्या परदेशातील बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, आपला प्रसार आपणच करावा, ही त्यांची त्रिसूत्री. परदेशी माणसाने कायमचे पाळक म्हणून राहू नये, असे ती सांगते. विचार उत्तम होता. त्याच सुमारास नगरच्या मंडळ्यांवर पहिले देशी पाळक नेमले गेले : हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघेही जन्माने ब्राह्मण. त्यांनी धर्मांतरासाठी भोगलेला छळ मी कमी लेखीत नाही. जातीने टाकलेल्या माणसाला काय सोसावे लागते, ते आपल्याइतके कोण जाणेल? परंतु नगर जिल्ह्यात पुढे जी मंडळी वाढली, विशेषतः १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर, ती मुख्यतः महारांची आणि मांगांची. ‘स्वतः’ या शब्दात ते किती होते? साहेबाच्या जागी शिकलेला पंत आला की कारभार देशी झाला असे समजण्यात आले. पुढे राजकारणातही आपण हेच समीकरण पाहिले.

मग महारवाड्यात मंडळी कोणी सांभाळली? तिथल्या मास्तराने. मिशनच्या शाळा महारवाड्यात भरत. मास्तर पुष्कळदा त्याच वाड्यातला, त्याच जातीतून आलेला. दिवसा तो पोरांना बाराखडी शिकवी, रात्री मोठ्यांना वाचून दाखवी, रविवारी उपासना घेई. माझ्या पणजोबांच्या ज्या गोष्टी आजी सांगे, त्यांत उपदेश जवळजवळ नाहीच. कोणाचा अर्ज लिहिला, सावकाराचा कागद कोणाला वाचून दाखविला, पटकीच्या साथीत कोणाच्या दारात बसले, हेच आहे. ते पंक्तीत सगळ्यांबरोबर जेवत आणि त्यांचे घर इतर घरांइतकेच गळे. दीक्षित पाळक ते कधी झाले नाहीत. मिशनच्या दप्तरात त्यांची नोंद असलीच तर ‘शिक्षक’ एवढीच असणार. तरी आजीच्या लेखी मंडळी म्हणजे वडिलांच्या ओसरीवर जमणारी माणसे.

या मास्तराचे चित्र रंगवताना मी हळवा होणार नाही. त्याचा पगार मिशनकडून येई आणि साहेबापुढे त्यालाही वाकावे लागे. त्याच्या ओसरीवर महार आले, मांग आले की नाही, हा प्रश्न आजीला विचारला तेव्हा ती गप्प बसली होती. आजही आमच्या नात्यात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक सहज होत नाही. म्हणून तो आदर्श नव्हता. परंतु तो ज्यांचा पुढारी होता त्यांच्या डोळ्यांसमोर राहत होता, आणि चुकला तर त्याला तोंडावर सांगणारी माणसे त्याच्या शेजारी राहत होती. पुढारीपणाची ही एक कसोटी त्याने नकळत पुरी केली.

आता टिळकांकडे परत येऊ. मिशनच्या पगाराने माणूस मंडळीचा न राहता मिशनचा होतो, हे त्यांनी ओळखले आणि पगार सोडला. मराठी ख्रिस्ती समाजात एवढी स्वच्छ कृती फार थोड्यांनी केली आहे. ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. मंडळीचे सभासदत्व नोंदवहीवर ठरू नये, ख्रिस्ताशी असलेल्या नात्यावर ठरावे, असा त्याचा अर्थ. इथपर्यंत टिळक क्रांतिकारक आहेत. पण त्यांनी त्या समुदायाला नाव दिले ‘दरबार’. दरबार सिंहासनाभोवती भरतो. सिंहासन देवाचे, हे खरे. परंतु प्रत्यक्षात तो टिळकांच्या व्यक्तित्वाभोवती भरला, आणि ते गेल्यावर त्याला उभे राहण्याचे बळ राहिले नाही. साहेबी व्यवस्थेला पर्याय शोधताना टिळकांच्या हाताशी संतपरंपरा होती आणि गुरूचा नमुना होता. महारवाड्यातल्या मास्तराचा नमुना त्यांच्या आजूबाजूला नगर-राहुरीत रोज वावरत होता. तो त्यांना पुढारीपणाचा नमुना वाटला नाही.

‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा. १९३४ ते ३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे खरे धैर्य लक्ष्मीबाईंच्या एका कबुलीत आहे : नवरा ख्रिस्ती झाला तरी आपली विटाळाची भावना एका दिवसात गेली नाही, ती पायरीपायरीने गेली. टिळकांनंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात ही मनात कुठे लपते आणि कशी सुटते याचा एवढा प्रामाणिक जबाब सवर्ण लेखनात दुर्मीळ आहे. टिळक कल्पना मांडतात, बाई जेवण वाढतात, पाणी भरतात आणि म्हणून जातीशी त्यांची गाठ रोज पडते. मंडळी कशी घडते हे टिळकांपेक्षा बाईंच्या लेखनातून अधिक कळते. मात्र या पुस्तकातले अस्पृश्य ख्रिस्ती शेजारी म्हणून येतात, विद्यार्थी म्हणून येतात, मदत घेणारे म्हणून येतात. पुढारी म्हणून येणारा त्यांच्यातला माणूस मला शोधावा लागतो. समीक्षेने हे रिकामेपण कधी वाचले नाही, कारण तिला ते रिकामे वाटलेच नाही.

टिळकांचे चरित्र १९२३ साली इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे तो पुण्यात शिवाजीनगरला आला. १९२७ साली हिंदुस्थानात आलेला व्हेरिअर एल्विन याच संघातून आला. इंग्रजाने खादी वापरावी, जमिनीवर बसावे, देशी माणसाबरोबर एका ताटाच्या मानाने राहावे, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. तरी ‘भारतीय’ होण्यासाठी या मंडळींनी जो भारत निवडला तो आश्रमाचा, भगव्याचा, उपनिषदांचा भारत होता. मरीआईच्या देवळापुढचा, डफाचा, येसकराच्या काठीचा भारत त्यांच्या ध्यानात आला नाही. म्हणजे मंडळीपुढे दोनच नमुने आले : बंगल्यातला साहेब आणि आश्रमातला गुरू. दोघांपुढेही खाली बसायचे ते आम्हीच.

या चौकटीला धक्का देणारी एक व्यक्ती पुणे जिल्ह्यातच होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डिन आणि बिशप मंडळींशी त्यांचा जो वाद झाला, तो मराठी वाचकांनी मुळातून वाचावा. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याचा निर्णय आपल्याला न विचारता बिशपांनी घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतलेल्या बाईने दुसऱ्याचे जोखड मानेवर का घ्यावे, हा त्यांचा मुद्दा. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या मुलींनी छापखाना चालविला, शेती केली, आणि रमाबाईंचे सोप्या मराठीतले बायबलही तिथेच सिद्ध झाले. पुरोहिताविना उभी राहिलेली ती मंडळी होती. रमाबाईंच्या व्यक्तित्वाची सावली तिच्यावरही दाट होती, हे नाकारता येत नाही.

आणि रमाबाईंच्याही आधी याच पुण्यात जोतीराव होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, ‘तृतीय रत्न’ नाटकात त्यांनी पाद्र्याला शूद्र जोडप्याचा वाटाड्या केले, परंतु मंडळीचे सभासद ते झाले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला : माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये मध्यस्थ नको. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असे कुटुंब कल्पिले की ज्यात एकेकाने आपापल्या मनाने वेगवेगळा धर्म घ्यावा आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे. आमच्या घराचा इतिहास मला या पानावर भेटतो. टिळकांच्या दरबारापेक्षा जोतीरावांचे हे घर मंडळी या शब्दाच्या अधिक जवळ आहे. दरबारात मानाची आसने असतात. घरात चूल असते, आणि चुलीपुढे कोण राबते हे सर्वांना दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले. ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाविषयी आदर व्यक्त करूनही त्यांनी एक दोष स्पष्टपणे दाखविला : सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढला नाही. धर्मांतरितांच्या स्थितीवरील त्यांचा लेख शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात छापला. मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, त्यामुळे या समाजाला सरकारकडे काही मागण्याची, संघटित होण्याची सवयच लागली नाही. आणि दुःखाचे मूळ समाजव्यवस्थेऐवजी स्वतःच्या पापात शोधण्याची शिकवण मिळाल्याने त्याचा राग विझला, असे निदान ते करतात. पाळलेली मंडळी लढत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. याचे राजकीय फळ १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात दिसते. त्या आदेशातून शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली आत आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. सरकार म्हणते तुम्ही ख्रिस्ती, म्हणून दलित नाही. गाव म्हणते तुम्ही दलितच. यावर मंडळीने रस्त्यावर येऊन, सातत्याने बोलायला हवे होते. पुढाऱ्यांनी निवेदने दिली.

ख्रिस्ती विचारात या काळात हालचाल झाली नाही असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चचे वर्णन देवाची प्रजा असे केले. लॅटिन अमेरिकेत गरिबांच्या लहान लहान मंडळ्या एकत्र बसून बायबल वाचू लागल्या आणि जमीनदाराविषयी बोलू लागल्या. महाराष्ट्रातून गेलेले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरात शूद्रांच्या ईशविद्येची मागणी केली आणि तिच्यातून पुढे दलित ईशविद्या उभी राहिली. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप पूला अँथनी हे पहिले दलित कार्डिनल झाले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु आपला माणूस वरच्या आसनावर बसणे आणि आसनांची रचना बदलणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट नगरकडच्या ज्या मंडळ्यांना स्थानिक सभेने कारभार पाहण्याची जुनी परंपरा होती, त्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या आणि बिशपच्या व्यवस्थेखाली आल्या. ऐक्य झाले हे बरे झाले. पण पुढारी निवडताना आणि हिशेब मांडताना सतरंजीवरच्या माणसाचा आवाज वाढला की घटला, हे मोजण्याचे धाडस कोणी करावे? आत्याच्या मंडळीने मागे वरच्या कार्यालयाला देवळाच्या जागेच्या भाड्याचा हिशेब विचारणारे पत्र लिहिले होते. पत्र मीच लिहून दिले होते. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

हे सारे लिहिताना मला आमच्या विहारांची आठवण होत नाही असे समजू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला ती स्वतः दिली. गृहस्थाने समुदायाला धम्म द्यावा, ही घटना पुरोहितशाहीच्या मुळावर घाव घालणारी होती. बुद्धानेही आपल्यामागे कोणाला गादीवर बसविले नाही. एवढी परंपरा पाठीशी असताना आमच्या समित्यांत आणि पक्षांत आम्ही काय केले? गट पाडले, गटागटाला एकेक नेता दिला, आणि जयंतीच्या व्यासपीठावर खुर्च्यांच्या रांगा वाढविल्या. विहार झाडणारी बाई तिथेही सतरंजीवर बसते. म्हणून ख्रिस्ती मंडळीच्या पुढारीपणाची ही चिकित्सा परक्या वाड्याची नाही.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिची कानउघाडणी केली आहे. एकत्र भोजनाला जमूनही धनवान आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतो, हे प्रभूचे भोजन नव्हेच, असा त्याचा आशय. मंडळीची व्याख्या पौल पंक्तीवरून करतो. पंगत म्हणजे काय हे महाराष्ट्रात अस्पृश्यांना कोणी शिकवावे लागत नाही. जी पंक्ती मोडते, जी उपाशी माणसासाठी थांबते, ती मंडळी. आणि जो शेवटी जेवतो तो तिचा पुढारी. ही व्याख्या नवी नाही. बंगला, दरबार आणि आश्रम यांच्या कागदपत्रांखाली ती दबली होती एवढेच.

तेव्हा आमच्या अभ्यासकांना माझी विनंती आहे. टिळकांचे अभंग शिकवा, ‘स्मृतिचित्रे’ शिकवा. त्याबरोबर नगर, जालना, सोलापूर, पुणे या भागांतल्या महारवाड्या-मांगवाड्यांत ज्या मास्तरांनी आणि बायबल सांगत फिरणाऱ्या बायकांनी मंडळी जगविली, त्यांच्या वह्या, पत्रे, आठवणी गोळा करा. त्यांच्या नाती आणि पणतू अजून हयात आहेत. हे साहित्य दलित साहित्याच्या इतिहासात येत नाही कारण ते ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात येत नाही कारण ते दलित. दोन्ही दप्तरांनी टाकलेली ही माणसे आपण उचलली पाहिजेत.

आत्याला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. पुढच्या नाताळला दिले. म्हटले, “आत्या, त्या सात महिन्यांतच मंडळी होती.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मग हिसबाचं दुसरं पत्र लिही. या बारीला सगळ्यांच्या सह्या घिऊ.”

ते पत्र आम्ही लिहिले. खाली एकेचाळीस सह्या आणि अंगठे आहेत. पहिली सही तिची आहे.